जुने हानोक राहते करताना: सांगाडा जपा, बाकीचे बदला

सोलच्या बुकछोन किंवा इक्सोन-दोंगच्या गल्ल्यांत दिसणारी हानोक, म्हणजे पारंपरिक कोरियन लाकडी सांगाड्याची कौलारू घरे, बहुतेकांना राजेरजवाड्यांच्या काळातली वाटतात. त्यांतली बरीचशी १९२० आणि १९३० च्या दशकांतली आहेत. जोंग से-ग्वोनसारख्या विकासकांनी मोठमोठ्या वाड्यांच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या आणि त्यांवर ओळीने लहान घरे उभी केली. जागा साधारण १०० चौ. मी., बांधकाम ५०-६० चौ. मी., मधल्या चौकाला तीन बाजूंनी वेढणाऱ्या खोल्या, १२ ते १५ सेंमी जाडीचे चौकोनी खांब, पुढच्या बाजूला काचेची सरकती दारे आणि वळचणीला पत्र्याची पन्हळ, असा या शहरी हानोकचा नमुना. हा लेख अशाच घराविषयी आहे. खेड्यातल्या घराची गोष्ट वेगळी पडते तिथे तसे सांगितले आहे.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. हानोकमधल्या प्रत्येक भागाचे आयुष्य निराळे असते. खिडकीचा कागद वर्षा-दोन वर्षांनी बदलतो, भिंतीचा गिलावा काही वर्षांनी, कौले काही दशकांनी. लाकडी सांगाडा मात्र नीट कोरडा राहिला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. तेव्हा आधुनिक वस्तू बसवायच्या त्या पूर्वीही बदलत आलेल्या जागी: छपराचे थर, भिंतींचे पोट, जमीन, खिडक्या. खांब-तुळयांच्या सांध्यांना छेद देऊन, भोक पाडून किंवा सिमेंटात गाडून काही बसवू नका. पुढचा प्रत्येक निर्णय याच कसोटीला लावता येतो.

आधी कागद, मग लाकूड

नोंदणीचा उतारा (दुंगीबू) आणि इमारतीचा दाखला (गोन्चुंगमुल दाएजांग) हे दोन्ही मागवा आणि प्रत्यक्ष घराशी ताडून पाहा. चौकाचा अर्धा भाग पत्र्याने झाकून केलेले स्वयंपाकघर, मागच्या गल्लीत सरकवलेले न्हाणीघर, ही वाढीव बांधकामे दाखल्यात नसतात, किंवा असतात तर ‘नियमबाह्य’ शेऱ्यासह. तो शेरा तुमच्या गळ्यात येतो. खेड्यात याहून मोठा घोळ असतो: घर एकाचे आणि जमीन दुसऱ्याची, किंवा घराची नोंदच नाही.

सीमेची मोजणी एलएक्स या सरकारी भूमापन संस्थेकडून करून घ्या. मूळ नकाशे १९१०-१८ च्या जमीन मोजणीतले. त्यांत आणि आजच्या भिंतींत हातभराचा फरक निघणे मुळीच दुर्मीळ नाही. दाट वस्तीत तुमची वळचण शेजाऱ्याच्या हद्दीवर गेलेली असते. छप्पर उतरवल्यावर हे कळले की शेजारी ते पुन्हा तसेच बसवू देईल याची खात्री नसते.

कायद्याच्या दृष्टीने तीन किंवा अधिक खांब, तेवढ्याच तुळया किंवा छपराच्या सांगाड्याचे तेवढे भाग दुरुस्त करणे ‘दाएसुसोन’ म्हणजे मोठी दुरुस्ती ठरते आणि तिला परवानगी किंवा रीतसर सूचना लागते. हानोकमध्ये वासे या मोजणीतून वगळलेले आहेत, म्हणून कुजके वासे बदलण्यापुरते काम त्यामानाने सोपे. सोल शहर २००१ पासून बुकछोनमधल्या नोंदणीकृत हानोकना दुरुस्तीसाठी अनुदान आणि कर्ज देत आले आहे आणि पुढे ही सोय इतर भागांतही आली. रकमा आणि अटी बदलत राहतात, त्या चालू वर्षाच्या पाहाव्या. एक अट महत्त्वाची: अनुदान ठरवणाऱ्या समितीची संमती काम सुरू होण्याआधी घ्यावी लागते. कौले उतरवून मग अर्ज घेऊन जाण्यात अर्थ नाही.

ओळंबा, टोच्या आणि ओलमापक

पाहणीला जाताना बॅटरी, ओळंबा, लेसर पाणसळ, लाकडाचा ओलमापक आणि अणकुचीदार टोच्या घ्या. घरमालकाची परवानगी काढून खोलीतल्या कागदी छताचा एक कोपरा उघडा. बहुतेक जुन्या घरांत मूळ वासे या नकली छताआड झाकलेले असतात. तिथूनच आढ्यावर शाईने लिहिलेली तारीख दिसू शकते. आढे चढवताना ती लिहायची प्रथा होती, आणि दोन टोकांना ‘ड्रॅगन’ व ‘कासव’ ही चिनी अक्षरे, दोन्ही पाण्याचे प्राणी म्हणून आगीपासून राखण. वर्ष ४२९० वगैरे दिसले तर गोंधळू नका. तो दांगुन शक आहे; २३३३ वजा केले की १९५७ निघते.

मग खांबांकडे वळा. प्रत्येक खांबाच्या तळाच्या ३० सेंमीत चारही बाजूंनी टोच्या दाबा. टोक सेंटीमीटरभर सहज आत गेले तर कुजणे सुरू झाले आहे. ओलमापक २० टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर पाणी कुठून येते ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. उत्तरेकडचे आणि न्हाणीघराला लागून असलेले खांब आधी तपासा.

सर्वांत वाईट जागा म्हणजे घराचे दोन भाग काटकोनात जिथे भेटतात तो आतला कोपरा. दोन पाख्यांचे पाणी तिथल्या घळीत एकत्र येते. तिला ह्वेछोम म्हणतात. घळीखालचा खांब, त्यावरची तुळई आणि तिथे टेकलेले वासे हे तिन्ही शाबूत असतील तर घर चांगले निघाले म्हणायचे. छतावर पिवळे-तपकिरी ओघळ, कौलांत उगवलेले गवत, वाकडी झालेली छपराची रेषा, यांची सांगड बहुतेक वेळा या घळीशीच लागते.

वाळवीसाठी तळखड्यांवरून चढणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या शोधा. कोरियातली वाळवी एप्रिल-मेमध्ये पंख फुटून बाहेर पडते. उंबरठ्यापाशी गळालेल्या पंखांचा खच दिसला तर ती घरातच आहे.

ओळंब्याने खांबांचा कल मोजा आणि आकडे लिहून ठेवा. मीटरमागे सेंटीमीटरभर कल असेल तर अनुभवी सुताराला दाखवल्याशिवाय व्यवहार करू नका. कल थोडा असून सगळे खांब एकाच दिशेला झुकलेले असतील तर काळजी कमी. दोन शेजारचे खांब उलट दिशांना झुकले असतील तर मधल्या तुळईचे कुसू खाचेतून बाहेर आले आहे का ते वर चढून पाहा.

खेड्यातल्या घरावर राखाडी पन्हळी पत्रा असेल तर तो अ‍ॅस्बेस्टॉसचा समजा. १९७० च्या दशकातल्या सेमाउल या सरकारी ग्रामसुधारणा चळवळीत गवताची छपरे काढून हे पत्रे सर्रास बसवले गेले. कोरियात अ‍ॅस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आली २००९ मध्ये. पत्रा स्वतः फोडू नका. परवानाधारक ठेकेदारच तो काढू शकतो, आणि स्थानिक प्रशासनाची त्यासाठी बहुधा मदत योजना असते.

कामाचे पंचांग

कोरियाचा पावसाळा, जांगमा, जूनच्या अखेरीस सुरू होतो आणि महिनाभर चालतो. हिवाळ्यात सोलचा पारा उणे १० च्याही खाली जातो आणि ओला चुना-माती गोठून भिंतीवरून सुटते; हवा ५ अंशांच्या खाली गेली की गिलावा बंद. म्हणजे उघड्या छपराला आणि ओल्या कामाला वर्षात दोनच खिडक्या उरतात: मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरची सुरुवात.

आराखडा आणि परवानग्या हिवाळ्यात, कौले मार्चमध्ये खाली, छप्पर जूनआधी बंद, पावसाळ्यात आतली सुतारकी, वीज आणि नळ, सप्टेंबरात भिंतींचा शेवटचा हात, ऑक्टोबरात कागद. ५५ चौ. मीटरच्या घराला एवढा काळ लागतोच. घाई करून ऑगस्टमध्ये छप्पर उघडणाऱ्यांनी संपूर्ण घरावर पाइपांचा मांडव आणि ताडपत्री घालायचा खर्च आधीच धरावा.

कारागीर वेगवेगळे असतात. सांगाडा दाएमोक, दारे-खिडक्या सोमोक, कौले वागोंग, गिलावा मिजांग. (दाएमोकजांगची परंपरा २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.) साध्या इंटिरिअर ठेकेदाराला सगळे काम देऊन त्याने खालून सुतार आणावा, ही व्यवस्था टाळा. उलट करा: दाएमोक मुख्य, आणि बाकीचे त्याच्या वेळापत्रकानुसार. बुकछोनच्या गल्ल्यांत ट्रक शिरत नाही, त्यामुळे माती, कौले, लाकूड हाताने किंवा हातगाडीने वाहावे लागते. दरपत्रकात ही वाहतूक वेगळी लिहून घ्या. आणि एकूण अंदाजाच्या २० ते ३० टक्के रक्कम बाजूला ठेवा. छप्पर उघडल्यावरच खरी यादी हाती येते.

उतरवणे

वरून खाली, आणि प्रत्येक लाकडावर क्रमांक. पत्र्याची चकती खिळ्याने ठोका, खडूने लिहिलेले पहिल्या पावसात जाते. क्रमांक, दिशा आणि वरची बाजू, तिन्ही नोंदवा आणि नकाशावरही उतरवा.

जुन्या छपरात कौलांखाली मातीचा जाड थर आणि त्याखाली लाकडाचे तुकडे भरलेले असतात. हे ओझे दर चौरस मीटरला शेकडो किलोंत जाते. दोन्ही पाखे सारख्या गतीने रिकामे करा. एक बाजू पूर्ण उतरवून दुसरी तशीच ठेवली तर सांगाडा जड बाजूला कलतो, आणि सांधे एकदा उघडले की पूर्वीसारखे बसत नाहीत. कौले उभी रचा. प्रत्येकावर टिचकी मारा: खणखणीत वाजले तर ठेवा, भद्द वाजले तर टाका. चांगली जुनी कौले चौकाच्या बाजूच्या, नजरेसमोरच्या पाख्यावर एकत्र वापरा आणि नवी मागच्या पाख्यावर. जुनी-नवी मिसळली तर रंग आणि माप दोन्ही बिनसतात.

खांबाचा पाय

सगळ्या कामात हे सर्वांत नाजूक. आपल्याकडच्या वाड्याप्रमाणेच हानोकचा खांब तळखड्यावर नुसता टेकलेला असतो, जमिनीत रोवलेला नसतो. तळ कुजतो तो बहुधा पुढच्या पिढ्यांनी चौकात सिमेंट ओतून जमिनीची पातळी वर आणल्यामुळे: तळखडा गाडला जातो, लाकूड थेट ओलाव्याला भिडते. सड गुडघ्यापर्यंत असेल तर तेवढाच भाग कापून नवा पाय जोडतात. याला दोंगबारी इउम म्हणतात. सड कमरेच्या वर चढली असेल तर खांबच बदलणे बरे.

१. खांबालगतच्या भिंतीची माती काढून तो चारही बाजूंनी मोकळा करा. दोन्ही अंगांना तुळईखाली टेकू आणि स्क्रू-जॅक लावा. जॅकखाली जाड फळी, नाहीतर जॅकच जमिनीत जातो.

२. एका वेळी एक-दोन मिलिमीटर उचला आणि थांबा. भार सुटण्यापुरतेच उचलायचे, तेही बहुधा पाच मिमीच्या आत. वरून करकर ऐकू आली तर तिथेच थांबून सांधे तपासा.

३. कुजलेला भाग आणि त्यावरचे किमान १० सेंमी निरोगी लाकूड कापून टाका. वरच्या टोकाला आडवा-उभा दोन्ही दिशांचा अर्धा छेद घ्या, म्हणजे नवा तुकडा कोणत्याही बाजूला सरकणार नाही.

४. नवा तुकडा त्याच जातीचा (जुन्या घरांत बहुधा कोरियन पाइन), ओलावा १९ टक्क्यांच्या आत, बुंध्याची बाजू खाली.

५. तळखड्याचा माथा उंचसखल असतो. तो घासून सपाट करू नका; त्याचा उंचसखलपणा तुकड्याच्या तळावर रेखून तसा कोरा. याला ग्रेंगी म्हणतात. पूर्ण बसलेला तळ खांबाला सरकू देत नाही.

६. जॅक हळूहळू उतरवा आणि लाकडी खुंट्यांनी सांधा बांधा.

इथे दोन चुका होतात. पहिली, ओले लाकूड: हिवाळ्यात ओन्दोलच्या, म्हणजे तापवलेल्या जमिनीच्या, उष्णतेने ते आकसते, खांब तळखड्यावरून लोंबकळतो आणि भार शेजारच्या खांबावर जातो. दुसरी, घर अगदी सरळ करण्याचा हट्ट. कललेले सांगाडे दोर आणि जॅकने ओढून सरळ करण्याचे वेगळे कसब आहे, त्याला दुजाबी म्हणतात, आणि ते त्या जाणकाराचेच काम. नव्वद वर्षे स्थिरावलेला सेंटीमीटरभर कल आम्ही तरी तसाच ठेवू. जोर लावून तो काढला तर तुळईची कुसवे फाटतात.

जुना व्हार्निश आणि काळा रंग सँडपेपरने काढा. ग्राइंडर वेगवान असला तरी त्याचे वळसे लाकडावर कायमचे राहतात. नंतर युरेथेनचा चकचकीत थर देऊ नका, लाकूड आत ओल धरते. पेरिला बियांचे किंवा जवसाचे तेल पातळ हातांनी, पुसून पुसून, पुरेसे आहे.

छप्पर

वास्यांच्या रांगा खालून दिसाव्यात ही बहुतेकांची इच्छा असते, आणि हानोकमध्ये पाहण्यासारखे जे आहे ते वरतीच आहे. मग उष्णतारोधक थर वास्यांच्या वर जायला हवा. वास्यांवर १५-१८ मिमी फळ्या, त्यावर बाष्परोधक पडदा, १०० ते २०० मिमी इन्सुलेशन, त्यावर २०-३० मिमी हवा खेळती पोकळी, १२ मिमी प्लायवुड, पाणी अडवणारा पण बाष्प जाऊ देणारा पडदा, पट्ट्या आणि कौले.

हा थर वळचणीच्या टोकापर्यंत नेऊ नका. भिंतीच्या रेषेवर संपवा. पुढे वळचणीत फळ्या, पडदा आणि कौले एवढेच. असे केले नाही तर छपराची कड जाड दिसते आणि घराची सगळी डौलदार रेषा जाते. भिंतीशी थर संपतो तिथे वास्यांमधल्या फटी खालून नीट बंद करा. हिवाळ्यात ‘इन्सुलेशन असूनही थंडी’ अशी तक्रार असते तिचे मूळ बहुधा याच फटींत सापडते.

मातीविना कोरड्या पद्धतीचे छप्पर पुष्कळ हलके होते. खांबांना बरे, पण जुन्या छपराचे वजनच सांध्यांना दाबून धरत होते हे विसरू नका. हलक्या छपरात कौले तारेने किंवा स्क्रूने बांधावी लागतात, आणि वासे तुळयांशी नीट जखडावे लागतात. कौले दोन प्रकारची: खालची पसरट, खोलगट आम्किवा आणि सांध्यावरची अर्धगोल सुकिवा. आम्किवा अशी रचा की प्रत्येकीचा सुमारे एक-तृतीयांश भागच उघडा राहील, म्हणजे कुठेही कौलांचे तीन पदर येतात. कौले वाचवण्यासाठी उघडा भाग वाढवणारा वागोंग पहिल्याच जांगमात उघडा पडतो. घळीत कौलांखाली तांब्याचा पत्रा, दोन्ही बाजूंना किमान ३० सेंमी वर चढवलेला.

वळचण लांबवण्याआधी किंवा कापण्याआधी साधा हिशेब करा. सोलचे अक्षांश ३७.५, उन्हाळ्यात दुपारी सूर्य सुमारे ७६ अंशांवर, हिवाळ्यात २९ वर. ९० सेंमी पुढे आलेली वळचण उन्हाळ्यात खाली साडेतीन मीटरची सावली टाकते, म्हणजे दक्षिणेची सगळी काच सावलीत. हिवाळ्यात सावली फक्त अर्धा मीटर, ऊन खोलीत आतवर. पन्हळ मात्र ठेवा. दाट वस्तीत पागोळ्या शेजाऱ्याच्या दारात पडू देता येत नाहीत.

भिंती

१२ सेंमीच्या खांबात दोन्ही बाजूंनी लाकूड दिसायला हवे असेल तर भिंत दोन्हीकडून १५-२० मिमी आत घ्यावी लागते, आणि पोटात जेमतेम ८-९ सेंमी उरतात. त्यात कोणतेही इन्सुलेशन चमत्कार करत नाही. आमचे मत: चौकाच्या बाजूला खांब आतून-बाहेरून दाखवा, उत्तरेच्या आणि शेजाऱ्याकडच्या भिंतीत ते आतून झाका आणि तिथे ५ सेंमी जास्तीचा थर द्या. सगळीकडे सगळे दाखवण्याच्या नादात घर थंड होते.

लाकूड आकसते आणि खांब-भिंतीत उभी फट पडते. म्हणून खांबाच्या कुशीत १० मिमी खोल खाच घेऊन भिंतीची चौकट तिच्यात सरकवा आणि मध्ये दबणारी फोमपट्टी घाला. वरून सिलिकॉन भरणे म्हणजे एका हिवाळ्याची सोय.

गिलाव्यासाठी पिवळी माती (ह्वांगथो), वाळू आणि बारीक कापलेला पेंढा. प्रमाण मातीवर ठरते. एकास एकपासून सुरुवात करून हातभर चौरसावर नमुना लावा. वाळल्यावर भेगा पडल्या तर वाळू वाढवा, हात फिरवल्यावर भुकटी निघाली तर माती वाढवा. एक थर १० मिमीच्या आत, आधीचा पूर्ण वाळल्यावर पुढचा. शेवटचा पांढरा हात चुन्याचा, त्यात बांधणीसाठी समुद्रशेवाळाचा डिंक. त्यावर प्लास्टिक रंग दिला तर भिंत ओल सोडू शकत नाही आणि सुटून येते.

जमीन

जुना ओन्दोल म्हणजे जमिनीखालचे धुराचे बोगदे, त्यावर गुदुल नावाच्या सपाट दगडी फरश्या, वर माती आणि तेलकट कागद. चुलीजवळ दगड जाड आणि मातीही जास्त, पलीकडच्या टोकाला पातळ, म्हणजे दोन्ही टोके साधारण सारखी तापतात. खरी चूल ठेवायची असेल तर एका खोलीपुरतीच ठेवा, भेगांसाठी दर शरद ऋतूत धूर सोडून पाहा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. कोळशाच्या विटांच्या काळात याच भेगांतून आलेल्या वायूने असंख्य माणसे झोपेत गेली.

बाकी खोल्यांत गरम पाण्याचे पाइप. जुने बोगदे खणून काढा, १५-२० सेंमीच्या थरांनी भराव दाबा, त्यावर प्लास्टिकचा दुहेरी कागद, १०० मिमी इन्सुलेशन, जाळी, १५ मिमीचा पाइप २० सेंमी अंतराने आणि ४५-५० मिमी मॉर्टर. १२ चौ. मीटरच्या खोलीला या अंतराने ६० मीटर पाइप लागतो. एक फेरी ८० मीटरच्या आत ठेवा, नाहीतर शेवटचे टोक थंड राहते. मॉर्टर ओतण्याआधी पाइपात दाब भरून रात्रभर ठेवा, आणि ओततानाही दाब असू द्या, म्हणजे फावड्याने पाइप फुटला तर लगेच कळेल. कडेने १० मिमी फोमपट्टी हवीच: खालच्या आडव्या लाकडाला मॉर्टर टेकला की तिथून सड सुरू होते. दोन-तीन आठवडे तापवू नका, मग रोज थोडे थोडे.

दाएछोंग, म्हणजे मधली मोकळी लाकडी ओसरी, पूर्वी कधीच तापत नसे. आता तीच बैठकीची खोली असते आणि लोक तिथेही पाइप टाकतात. ते समजण्यासारखे आहे. पण जुन्या छोट्या फळ्यांची जाळीदार जमीन शाबूत असेल तर ती काढण्याआधी दहादा विचार करा. बैठक एखाद्या आतल्या खोलीत नेता येते.

खोल्यांत कागदी जमीन (जांगफान) हवी असेल तर कागदाच्या थरांवर भिजवून वाटलेले सोयाबीन आणि पेरिला तेल कापडाच्या पुरचुंडीतून पुन्हापुन्हा घासतात. मधासारखा रंग येतो. चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांनी मात्र हा नाद सोडून ओन्दोलसाठीचे लाकडी फ्लोअरिंग घ्यावे.

पाणी आणि वीज

जुने स्वयंपाकघर चुलीमुळे पाऊण मीटरभर खोल असते आणि वर माळा असतो. चूल गेली की खड्डा भरून जमीन सपाट करता येते, किंवा खोलच ठेवून उंच छताचे आधुनिक स्वयंपाकघर करता येते. दुसरा पर्याय छान दिसतो, पण म्हाताऱ्या माणसांसाठी पायऱ्या नडतात.

न्हाणीघर मुख्य खांबांपासून सुटे, स्वतंत्र काँक्रीटच्या पेटीसारखे करा: २० सेंमी उंच कड, जलरोधकाचे दोन हात, शॉवरपाशी १.८ मीटरपर्यंत, आणि बाहेर फेकणारा पंखा. खांबावर टाइल कधीच नको. आतली सड वर्षानुवर्षे दिसत नाही. सांडपाण्याची १०० मिमीची नळी मीटरमागे २ सेंमी उताराने.

बॉयलर मागच्या गल्लीत. त्याचा धूर वास्यांखाली सोडू नका, दमट वाफेने वळचण काळी पडते. गॅस बॉयलर नव्याने बसवताना २०२० पासून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. विजेच्या तारा जमिनीतून आणि तुळयांच्या माथ्यावरून न्या. तुळईच्या टोकाजवळ, सांध्यापाशी, भोक नको. उघड्या तारा चिनी मातीच्या गुटक्यांवरून नेण्याची जुनी रीत पुन्हा आवडीची झाली आहे आणि ती या घरांना शोभते.

दारे-खिडक्या

इथे जुने आणि नवे सर्वांत सुखाने नांदतात. बाहेर लाकडी चौकटीत दुहेरी काच, आत हान्जी या पारंपरिक कोरियन कागदाचे सरकते जाळीदार दार. काच थंडी अडवते, कागद उजेड मऊ करतो. कोरियात कागद जाळीच्या आतल्या बाजूला चिकटवतात, म्हणून बाहेरून लाकडाची नक्षी दिसते. जपानी पद्धतीने उलटे लावलेले दार जाणकाराला लगेच खटकते.

जुनी भोके काटकोनात नसतात. प्रत्येकाची रुंदी आणि उंची तीन-तीन ठिकाणी मोजा, सर्वांत कमी मापातून १० मिमी वजा करा आणि उरलेली जागा पाचरींनी भरा. वरच्या तुळईखाली १०-१५ मिमी फट ठेवून ती पट्टीने झाका. नव्या छपराखाली तुळई थोडी बसते, आणि फट नसेल तर पहिल्या हिवाळ्यात दार अडते.

कागद ऑक्टोबरात, गव्हाच्या पिठाच्या पातळ खळीने. लावल्यावर पाणी फवारा. वाळताना तो ताणून बसतो. हात लागतो त्या मुठीपाशी कागदाच्या दोन पदरांत मॅपलचे पान किंवा शेवंतीची पाने दाबायची पद्धत आहे. शोभेची शोभा, आणि तिथला कागद दुप्पट टिकतो.

चौक

सिमेंट फोडून काढा, पातळी इतकी खाली घ्या की तळखडे आणि जोते मोकळे होतील. वर मासाथो (भुरभुरीत ग्रॅनाइटची पिवळसर वाळू) किंवा खडबडीत दगडी फरशी, मीटरमागे १ ते २ सेंमी उतार, जोत्यापासून दूर. झाडे कमी. रिकामा, तापलेला चौक आणि मागची सावलीतली परसबाग यांच्यामुळेच उन्हाळ्यात दाएछोंगमधून झुळूक वाहते, आणि फिक्या जमिनीवरून परतलेला उजेड खोल वळचणीखाली शिरतो. चौकावर काचेचे छप्पर टाकायचा मोह होईल. ते बांधकामाच्या क्षेत्रात मोजले जाते, परवानगी अडते, आणि ती मिळाली तरी ऑगस्टमध्ये घराची भट्टी होते.

राहायला गेल्यावर दर वर्षी दोन फेऱ्या पुरतात. मेमध्ये पन्हळ, घळ आणि कौलांतले रोप उपटणे, वाळवीचे पंख शोधणे. नोव्हेंबरात खांबांच्या पायांना टोच्या लावणे आणि बाहेरच्या नळांतले पाणी काढून टाकणे.